लाल चिठ्ठीवर लिहिलेला शब्द

आमच्या घरात शिरलेला पहिला अवघड इंग्रजी शब्द म्हणजे 'रिडंडंट'. तो नवऱ्याच्या पत्रातून आला. पिंपरीतल्या ज्या कंपनीत तो लग्नाआधीपासून काम करत होता, तिथला त्याचा विभाग बंद झाला आणि सगळ्यांच्या हातात एकेक पाकीट पडलं. त्याने ते पत्र मुलीपुढे धरलं आणि म्हणाला, "ह्या शब्दाचा अर्थ बघ गं जरा." मुलगी तेव्हा नववीत होती. तिने मोबाइलवर बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, म्हणजे गरज संपलेलं."

"मशीनला म्हणतात का माणसाला?"

"दोघांनाही म्हणतात."

त्याने पत्राची नीट घडी घातली आणि बादल्या घेऊन उठला, कारण भोसरीत आमच्या चाळीत नळाला पाणी यायची ती वेळ होती.

मला मात्र त्या शब्दाचा असा काही राग आला, की विचारू नका. माणूस इतकी वर्षं दगडासारखा उभा राहतो, आणि त्याला घरी पाठवायला एक शब्द पुरतो! जुन्या-पान्या, झिजलेल्या, नकोशा झालेल्या गोष्टींसाठी इंग्रजीत इतके शब्द आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षभरात ते सगळे माझ्या वाट्याला आले. त्यातला एक मी स्वतः चुकीच्या जागी लिहिला. तो मला भोवला असता, पण भोवला नाही. का भोवला नाही, ते सांगायला मी बसले आहे.

नवऱ्याचं काम सुटल्यावर आम्ही दोघांनीही नोकरी शोधायला सुरुवात केली. त्याला दोन ठिकाणी वय विचारून परत पाठवलं. मला चाकणच्या एका कारखान्यात, वाहनांचे सुटे भाग बनवतात तिथे, स्टोअर्समध्ये असिस्टंट म्हणून घेतलं. वय बेचाळीस, आणि ही माझी पहिली नोकरी. लातूरला केव्हातरी बी. ए. केलं होतं, तेवढ्याच पुंजीवर मुलाखतीला गेले. स्टोअर्सचे साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. "इंग्लिश लिहिता येतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येतं, पण गंजलंय." ते हसले. "गंज काढता येतो, मॅडम. सहा महिने प्रोबेशन. काम बरं वाटलं तर कायम करू." त्या सहा महिन्यांवर आमचं घरभाडं, मुलीची दहावी आणि नवऱ्याची उरलीसुरली झोप, सगळं टांगलेलं होतं.

चौथ्या महिन्यात साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की परदेशातल्या एका ग्राहकाची माणसं कारखाना तपासायला येणार आहेत. त्याआधी स्टोअर्स चकाचक हवं. दोन वर्षांत ज्या वस्तूला कुणी हात लावलेला नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि ती वस्तू का नको, ते चिठ्ठीवर इंग्रजीत लिहायचं. "नुसतं 'ओल्ड' लिहू नका हं मॅडम," साहेब म्हणाले. "त्यांना त्याने काही कळत नाही. नेमका शब्द लिहा."

झालं! नेमक्या शब्दासाठी मी मुलीला शरण गेले. सकाळी सातच्या बसच्या आधी मी पोळ्या लाटायची आणि ती ओट्याला टेकून शब्द सांगायची. लक्षात राहावेत म्हणून मी प्रत्येक शब्द घरातल्या एखाद्या वस्तूच्या गळ्यात बांधून टाकला. 'थ्रेडबेअर' म्हणजे नवऱ्याचा टॉवेल, त्यातून पलीकडची भिंत दिसते. 'शॅबी' म्हणजे कळकट, आमचा सोफा. 'डिलॅपिडेटेड' म्हणजे मोडकळीला आलेलं, ते शक्यतो इमारतीला म्हणायचं, तेव्हा तो मान आमच्या जिन्याला दिला. 'वर्न आउट' म्हणजे वापरून वापरून झिजलेलं. माझ्या चपलेची टाच. 'आउटडेटेड' कशाला म्हणायचं विचारलं, तर कार्टीने माझ्या ब्लाउजच्या बाहीकडे बोट दाखवलं. मी लाटणं उगारलं.

"आणि 'ऑब्सोलीट' म्हणजे?"

"म्हणजे ज्याचा जमानाच गेला. वस्तू धडधाकट असेल, पण तिचं काम उरलेलं नाही."

हा शब्द मला भारी आवडला. उच्चारताना तोंड कसं भरल्यासारखं वाटतं. इतर शब्द चिंध्यांसारखे, हा जरीकाठाचा. मी बसमध्ये तो स्वतःशी म्हणत गेले. मोशीच्या पुढे वाहतूक तुंबली होती, शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, तरी माझं आपलं ऑब्सोलीट, ऑब्सोलीट चालूच.

आता खरं सांगायचं तर मराठीत मला कुणी फसवू शकलं नसतं. विटलेलं, झिजलेलं, कुजलेलं, मोडकळीला आलेलं, नुसतंच धूळ खात पडलेलं, यातला फरक मला डोळे मिटून कळतो. कुठलीही घर चालवणारी बाई तो ओळखते, कारण त्यावरच तिला ठरवायचं असतं, की रफू करायचं, बोहारणीला द्यायचं, की फरशी पुसायला घ्यायचं. पण इंग्रजी शब्द हातात आला, आणि मी तो वस्तूकडे बघून वापरायच्या ऐवजी दागिन्यासारखा मिरवायला लागले.

आमच्या कारखान्यात या शब्दांवरून वस्तूचं नशीब ठरायचं. चिठ्ठीवर 'वर्न आउट' लिहिलं, तर ती वस्तू भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये धार लावायला किंवा दुरुस्तीला जायची. 'ऑब्सोलीट' लिहिलं, तर ती मागच्या यार्डात जायची आणि तिथे गॅसच्या ज्योतीने तिचे तुकडे व्हायचे. नुसती भंगारात टाकली, तर कुणीतरी उचलून नेऊन तिच्यावर नकली माल बनवेल, म्हणून कापूनच टाकायची रीत होती. मला हे सगळं पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं होतं, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

दहा दिवस मी चिठ्ठ्या लिहीत होते. संध्याकाळी साहेब गठ्ठ्यावर भराभर सह्या करायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, इंग्लिश एकदम झकास झालंय की!" मग काय, आम्ही हवेत. सर्वांत मागच्या रॅकच्या तळाशी एक चेकिंग फिक्स्चर होतं, म्हणजे तयार पार्ट तपासायचा लोखंडी साचा. पार्ट त्यात बरोबर बसला तर पास, नाही बसला तर बाद. चांगलं जडशीळ, तपकिरी कागदात गुंडाळलेलं, वर बोटभर धूळ. कागदाच्या फटीतून गाडीचं मॉडेल वाचलं. ती गाडी बंद होऊन किती वर्षं झाली हे कुणीही सांगेल. मी कागद सोडलासुद्धा नाही. माझ्या वळणदार अक्षरात 'ऑब्सोलीट' लिहिलं आणि शेवटच्या अक्षराला जरा जास्तच झोकदार शेपूट काढलं.

यार्डात कापायचं काम करायला भंगाराच्या ठेकेदाराने एक वयस्क गृहस्थ ठेवले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. राजगुरुनगरच्या बाजूचं त्यांचं गाव, रोज बसने यायचे. अंगावर चामड्याचा एप्रन, कपाळावर काळा चष्मा चढवलेला, दाढी पांढरी. चिठ्ठ्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते स्टोअर्सच्या खिडकीशी आले. माझ्यापुढे त्या वेळी चार माणसं, दोन फोन आणि एक न जुळणारी यादी. चाचा म्हणाले, "बाई, त्यो कागदात बांधल्याला साचा खरंच कापायचा का?"

मी मान वरही केली नाही. "चिठ्ठीवर लिहिलंय ना चाचा? वाचा की."

त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं. ते "बरं" म्हणाले आणि गेले. रांगेतलं कुणीतरी हसलं. मीही हसले असेन. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात, पण झालं ते झालं, त्याला रंगसफेदी करून काय उपयोग!

ऑडिट छान पार पडलं. परदेशी पाहुण्यांनी रिकामे रॅक बघून माना डोलावल्या. त्यानंतरच्या सोमवारी साहेब हातात कागद घेऊन आले. "मॅडम, त्या जुन्या मॉडेलच्या स्पेअरची ऑर्डर आलीये. दोन-तीन वर्षांतून एकदाच येते. मागच्या रॅकमधलं फिक्स्चर क्वालिटी विभागाला पाठवा, उद्या लागेल त्यांना."

गाडी बंद झाली, म्हणजे तिचे सुटे भाग लागणं बंद झालं असं थोडंच असतं? खेडोपाडी त्या गाड्या अजून धावत होत्या, आणि त्यांना पार्ट लागत होते. मी म्हटलं, "हो, पाठवते." एवढंच तोंडातून निघालं. साहेब पुढे म्हणाले, "जपून हं, ते आपलं नाही, कस्टमरच्या मालकीचं आहे," आणि गेले.

त्या क्षणी मला काय दिसलं सांगू? नवऱ्याचं ते घडी घातलेलं पत्र दिसलं, आणि त्याच्या शेजारी माझ्या नावाचं दुसरं. मी खिडकी बंद केली आणि धावत सुटले. साडी खोचून, सेफ्टी शूज घालून, बेचाळीस वर्षांची बाई कारखान्याच्या पिवळ्या पट्ट्यांवरून पळते आहे, हे दृश्य लोकांनी बराच काळ चवीने सांगितलं.

यार्डात चाचा चहा पीत बसले होते. कापलेल्या लोखंडाचा ढीग कमरेइतका. मी आधी त्या ढिगात तपकिरी कागद शोधला. "चाचा, तो साचा... कागदातला..."

त्यांनी कप खाली ठेवला, बाकाखालचं पोतं बाजूला सारलं आणि फिक्स्चर ओढून बाहेर काढलं. अख्खंच्या अख्खं. कागद सोडून पुन्हा बांधलेला दिसत होता.

"कापलं न्हाई म्या," ते म्हणाले. "कागद सोडून बघितलं, तर आत त्याल लावल्यालं. समद्या बाजूनी, भोकाभोकांत. टाकायच्या वस्तूला कुनी त्याल लावत न्हाई, बाई. म्हनलं, ह्ये कुनाच्या तरी कामाचं हाय. ऱ्हाऊ दे आठ-पंधरा दिस, कुनी आलं तर आलं." मग म्हणाले, "मला वाटलं, तुमीच लावलं आसंल त्याल. येवढं जपल्यालं, चुकून इकडं आलं आसंल."

मी नव्हतं लावलं. माझ्या आधीच्या कुणीतरी लावलं होतं, ज्याचं तोंड मी कधी बघितलं नाही. पण त्या घटकेला "मी नाही" म्हणायचं धैर्य झालं नाही. मी नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही सांगता येणार नाही. चाचांनी फिक्स्चर हातगाडीवर चढवलं आणि स्वतः स्टोअर्सपर्यंत ढकलत आणलं. दुसऱ्या दिवशी ते क्वालिटीत गेलं, पार्ट पास झाले, माल गेला. कुणाला काही कळलं नाही. घरी मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, रवा उरला होता.

इथेच गोष्ट संपली असती, तर बरंच झालं असतं माझ्या दृष्टीने. पण पंधरा दिवसांनी भंगाराचा ठेकेदार साहेबांकडे आला. म्हातारा फार संथ झालाय म्हणाला, प्रत्येक तुकडा उचलून पुसून बघत बसतो, ढीग हलत नाही. त्याच्या जागी तरणा माणूस आणतो. साहेबांनी मला हाक मारली. "मॅडम, चाचांचा गेटपास बंद करायचं एक पत्र बनवा, लगेच सही करतो. कारणात लिहा काहीतरी, स्लो, एज्ड, असंच."

मी खुर्चीत येऊन बसले. कॉम्प्युटरवर पत्राचा नमुना उघडला. कारणाच्या रकान्यापुढे ती उभी रेघ उघडझाप करत होती. शब्दांची आता मला मुळीच चणचण नव्हती. पण माझा हात काही चालेना. तो माणूस प्रत्येक तुकडा पुसून बघतो, म्हणून तर मी या खुर्चीत बसलेली होते! आणि त्याच कारणाने त्याला घालवायचं, तेही माझ्याच हाताने?

प्रोबेशन संपायला तीन आठवडे उरले होते. मी मनात नवऱ्याला विचारून बघितलं. 'जा, सांगून टाक' असंच तो म्हणाला असता, म्हणून प्रत्यक्ष फोन केला नाही. मी उठले, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठी मी लिहिली होती. कागद न सोडता लिहिली. चाचा विचारायला आले, तेव्हा मी त्यांना वाचा म्हणाले. त्यांनी साचा ठेवला म्हणून ऑर्डर गेली. आवाज शेवटी शेवटी चढलासुद्धा. मला भीती वाटली, की मी चिडल्यासारखी बोलते. "संथ आहेत म्हणून वाचलं ते, साहेब," मी म्हटलं. "ते पत्र मी नाही लिहिणार. माझं काय करायचं ते करा."

साहेबांनी लाल चिठ्ठ्यांची फाइल मागवली. पानं उलटत त्या चिठ्ठीच्या नोंदीवर थांबले. मग म्हणाले, "सही तर माझीच आहे खाली."

चाचा राहिले. साहेबांनी ठेकेदाराला सांगितलं, की माणूस बदलायचा नाही, आणि यापुढे कापायच्या आधी एक फेरी चाचा स्टोअर्समध्ये मारतील, त्यांनी बाजूला काढलेली वस्तू पुन्हा तपासायची. माझं प्रोबेशन मात्र तीन महिन्यांनी वाढवलं. "हे मला करावंच लागेल, मॅडम," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला, लपवत नाही. पण त्यांनी मला ठेवलं. वाढवलेले तीन महिने ही शिक्षा होती तशी ती संधीही होती, आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली. नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो खूप दिवसांनी पहिल्यांदा मोकळं हसला. म्हणाला, "चांगलं केलंस. माझ्या वेळी असं केबिनमध्ये जाऊन कुणी बोललं नाही." पुढे त्यालाही रावेतला एका सोसायटीत देखभालीचं काम मिळालं. तिथल्या पंपांवर तो पोटच्या पोरांसारखी माया करतो.

कायम झाल्याचं पत्र मिळालं, त्या दुपारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन थेट यार्डात गेले. चाचांनी ज्योत विझवली, चष्मा कपाळावर चढवला, हात पुसून पेढा घेतला. मी मनात ठरवूनच आले होते, तेव्हा एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, "चाचा, मी तुमच्याशी खोटं वागले. ते तेल मी लावलेलं नव्हतं. उलट कापा म्हणून चिठ्ठी मीच लिहिली होती."

"ठावं हाय की," ते म्हणाले.

"कसं काय ठाऊक?"

"समद्या चिठ्ठ्यांवर एकच अक्षार, तुमच्या खिडकीतल्या वहीत हाय त्येच. वाचता येत न्हाई, पर बघता तर येतं."

म्हणजे त्या दिवशी खिडकीशी मी त्यांना काय म्हणाले, साचा कुणाच्या चुकीपायी यार्डात आला, सगळं ठाऊक असताना हा माणूस मला सांगत होता, की तेल तुम्हीच लावलं असेल. "मग तेव्हा मला बोलला का नाहीत?" मी विचारलं. "हक्क होता की तुमचा."

चाचांनी उरलेला पेढा तोंडात टाकला आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"तुमी पळत आल्या हुत्या, बाई," ते म्हणाले. "पळत आल्याल्या मानसाला काय बोलायचं?"